‘काळजी करू का?’ हा प्रश्न मोजायचा कसा?

माझ्या पीएचडीच्या मुलाखतींमधला एक प्रसंग. विषय होता मुलांची भाषा. दोन वर्षांच्या एका मुलाची आई बोलता बोलता म्हणाली, “नावानं हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही. पण टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो.” शेजारी बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, “अगं, याचा बाबा पण तीन वर्षांनंतरच बोलला.” मग आईनं मला थेट विचारलं, “ताई, काळजी करू का नको?”

मी गप्प बसले. एक तर मी डॉक्टर नाही, आणि माझ्या प्रश्नावलीत या प्रश्नाला रकानाच नव्हता. घरी येऊन वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की ‘आईबाबांना वाटणारी काळजी’ याच गोष्टीवर भरपूर संशोधन झालं आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

आधी, नेमकं बघायचं काय?

ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोक्यात ‘न बोलणं’ येतं. पण लहान वयात संशोधक शब्दांच्याही आधीच्या गोष्टी बघतात. मूल बिस्किटाकडे बोट दाखवतं, ते मागण्यासाठी. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट दाखवून आईच्या तोंडाकडे बघतं, ते मात्र ‘तू पण बघ ना’ हे सांगण्यासाठी. या दुसऱ्या गोष्टीला जॉइंट अटेन्शन म्हणतात. बोट दोन्हीकडे तेच, पण हेतू वेगळा. निरीक्षण लिहिताना ‘बोट दाखवतो: हो’ एवढंच लिहिलं, तर हा फरक कागदावर उतरतच नाही.

आठवणीवर किती विसंबायचं?

आधीच्या बऱ्याच अभ्यासांत निदान झाल्यावर पालकांना विचारलं जायचं, ‘पहिल्यांदा कधी जाणवलं?’ अडचण अशी की निदान एकदा कळलं की मागचं सगळं त्याच चष्म्यातून दिसायला लागतं. याला रिकॉल बायस म्हणतात. 1994 मध्ये ऑस्टरलिंग आणि डॉसन या संशोधकांनी यावर छान वाट काढली. त्यांनी मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या घरगुती व्हिडिओ टेप मागवल्या. त्यात 11 मुलं पुढे ऑटिझमचं निदान झालेली होती आणि 11 सर्वसाधारण वाढीची. माणसांकडे बघणं, वस्तू आणून दाखवणं, बोट दाखवणं आणि हाकेला वळणं, या चार वर्तनांत दोन्ही गटांत फरक दिसला. टेप निदानाच्या आधीची, त्यामुळे ती काही नंतर ‘आठवून’ बदलत नाही.

तरी 22 मुलं म्हणजे फारच थोडी, आणि घरचे लोक कॅमेरा कधी चालू करतात हेही ठरलेलं नसतं. म्हणून पुढचे अभ्यास मुलांना जन्मापासून पुढे पुढे बघत गेले. सॅली ओझोनॉफ यांच्या गटाच्या 2010 च्या अभ्यासात, पुढे ऑटिझमचं निदान झालेली मुलं सहा महिन्यांची असताना इतरांसारखीच दिसत होती. चेहऱ्याकडे बघणं, बघून हसणं हे त्यानंतर हळूहळू कमी होत गेलं. पण ही घसरण त्यांच्यातल्या बहुतेक पालकांच्या सांगण्यात आलीच नाही. यात पालकांचा दोष नाही. रोज जवळून बघणाऱ्याला सावकाश होणारा बदल दिसत नाही.

म्हणजे पालकांची काळजी हा डेटा आहेच. फक्त तो केव्हा आणि कसा विचारून मिळवला, यावर त्याची किंमत ठरते.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर ही 20 प्रश्नांची चाचणी जगभर वापरली जाते. उत्तरं पालकच देतात. ही स्क्रीनिंगची चाचणी आहे, म्हणजे चाळणी. ‘पॉझिटिव्ह’ आलं की घरात रडारड सुरू होते, म्हणून इथलं गणित नीट समजून घ्या.

समजा 1000 मुलं आहेत आणि त्यांतल्या 10 जणांना ऑटिझम आहे. चाचणी त्या 10 पैकी 9 जणांना पकडते. उरलेल्या 990 पैकी 5 टक्के, म्हणजे साधारण 50 मुलांनाही ती चुकून पॉझिटिव्ह ठरवते. एकूण पॉझिटिव्ह 59, त्यांत खरी 9. चाचणी चांगली असूनही सहा-सात पॉझिटिव्हमागे खरं एकच! (हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत.) अवस्था समाजात जितकी विरळ, तितका हा परिणाम मोठा.

यावर उपाय म्हणून मधल्या गुणांच्या मुलांसाठी दुसरी पायरी असते. पालकांना उदाहरणं देऊन तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. 2014 मध्ये रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी 16,071 मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही पायऱ्यांनंतर पॉझिटिव्ह राहिलेल्यांत ऑटिझमचं निदान होण्याचं प्रमाण 47.5 टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून थोडं कमी. पण विकासातला कुठला ना कुठला उशीर किंवा अडचण असण्याचं प्रमाण 94.6 टक्के होतं.

हा दुसरा आकडा वाचून मी थांबले. ज्यांना आपण तक्त्यात ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणून बाजूला काढतो, त्यांतल्या बहुतेक मुलांनाही मदतीची गरज होतीच. आईची काळजी खोटी नव्हती, फक्त तिचं नाव वेगळं होतं. (आणि हो, पॉझिटिव्ह आलेली सगळी मुलं पुढच्या तपासणीला आली नव्हती. टक्केवारी वाचताना खालचा छेद नेहमी बघा.)

प्रश्न मराठीत आणताना

‘मूल नाटकी खेळ खेळतं का?’ असं विचारलं तर समोरची बाई गोंधळते. ‘खोटा खोटा चहा पितो का, बाहुलीला भरवतो का?’ असं विचारलं की लगेच उत्तर येतं. नुसते शब्द बदलून चाचणीचं भाषांतर होत नाही. नवीन रूप आपल्याकडच्या मुलांवर तपासून बघावं लागतं, तोवर परदेशातले गुण जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मग त्या आईला काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी गाईडशी बोलून मी तिला फोन केला. म्हटलं, मी निदान करू शकत नाही, पण तुम्हाला वाटतंय ते तपासून घेण्यासारखं आहे. आधी कान तपासा. जाहिरातीला धावतो म्हणजे सगळं ऐकू येतं असं नाही, काही स्वर ऐकू येऊन काही निसटू शकतात. मग बालरोगतज्ज्ञांकडे जा, किंवा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना सांगा. ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. भाषेसाठीची, खेळातून होणारी मदत सुरू करायला निदानाचा शिक्का लागत नाही. आणि आजींचं म्हणणं मोडू नका, फक्त ‘थांबून बघू’ला तारीख घाला.

त्या मुलाचं पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही, ती माहिती त्या घराची आहे. पण तुमच्यासाठी एक काम आहे. एथिक्स कमिटीचा फॉर्म भराल तेव्हा ‘सहभागीनं मदत मागितली तर मी काय करेन’ याचं उत्तर, फोन नंबरांसकट, आधीच लिहून ठेवा. मी लिहिलं नव्हतं, म्हणून त्या आईला एक रात्र जास्त वाट बघावी लागली.