टीबी बरा झाला, मग खोकला का जात नाही?

आजचा भाग माझ्या मामामुळे सुचला. मामा आपल्या छत्रपती संभाजीनगरचाच, वाळूजच्या कारखान्यात कामाला. त्याने टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पूर्ण केला. तरी रोज सकाळी खोकला आणि अर्धी वाटी बेडका. लग्नात लोक त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचे. एका डॉक्टरांनी तर थुंकी न तपासताच पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. शेवटी छातीचा एचआरसीटी स्कॅन झाला आणि नाव कळलं: ब्रॉन्किएक्टेसिस.

म्हणजे काय? आपल्या पाणचक्कीला डोंगरातून पाणी आणणारी नहर आठवा. नहरीत गाळ साचला की पाणी अडतं. फुफ्फुसातही तसंच. टीबी किंवा जोराचा न्यूमोनिया श्वासनलिकांच्या भिंती खराब करतो. नळ्या कायमच्या रुंद होतात, कफ वर ढकलला जात नाही, साचलेल्या कफात जंतू वाढतात आणि नळ्या आणखी बिघडतात. हे चक्र तोडणं, हाच उपचाराचा गाभा.

स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लॅनेक यांनी १८१९ मध्येच हा आजार नोंदवला होता. भारतातल्या २१९५ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यांत मोठं कारण निघालं जुना टीबी, साधारण तीनातल्या एका रुग्णात.

मग करायचं काय? रोज कफ काढायचा. सावकाश खोल श्वास घ्या, दोन-तीन सेकंद थांबा, मग चष्म्याची काच पुसताना करतो तसा तोंड उघडून जोरात 'हा' करा. फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा नीट शिकून घ्या. अँटिबायोटिक मनाने घेऊ नका. आधी थुंकीचं कल्चर. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा. बिडी-सिगारेट बंद. बेडक्यात रक्त दिसलं, ताप आला किंवा धाप वाढली, तर थेट दवाखाना गाठा. आपल्या घाटीत छातीच्या आजारांचा विभाग आहे.

नळ्या पूर्ववत होत नाहीत, हे खरंय. पण मामा आता रोज सकाळी वीस मिनिटं हा व्यायाम करतो आणि शिफ्टला जातो. आणि हो, ब्रॉन्किएक्टेसिस संसर्गजन्य नाही. तपासणीत टीबी नाही हे नक्की झालं असेल, तर शेजारच्या खुर्चीत बिनधास्त बसा.

घरात कुणी असं महिनोन्‌महिने खोकतंय? हा भाग त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!