'हे', 'स्वतः' आणि 'टिळक'

माझ्या आईने उखाण्याखेरीज वडिलांचं नाव कधी घेतलं नाही. "हे आले का?", "ह्यांचं जेवण व्हायचंय," एवढ्यावर तिचा चाळीस वर्षांचा संसार झाला. वडील गेल्यावर पेन्शनच्या कामासाठी आम्ही दोघी एका कचेरीत गेलो. कारकुनाने विचारलं, "मयताचं नाव?" आई माझ्याकडे बघायला लागली. नाव मी सांगितलं.

पुढे या प्रसंगावर मी एक कथा लिहिली आणि तिला वाचून दाखवली. कथेतली बाई कारकुनाला सांगते, "माझे पती शिक्षक होते." आईने मध्येच विचारलं, "ही कोण गं? आपल्यातली नाही वाटत." एका शब्दापायी माझी आईच कथेतून नाहीशी झाली होती.

नवरा, पती, यजमान, मालक, मिस्टर, आमचे हे. अर्थ पाहिला तर एकच. पण प्रत्येक शब्दाबरोबर वेगळं घर येतं, वेगळा काळ येतो. ('मिस्टर' तर इंग्रजांनाही असा वापरता आला नसता, आपल्या चाळींतून मात्र तो सर्रास नांदला.)

नवऱ्याबद्दल लिहिणाऱ्या दोन बायकांची पुस्तकं मला यासाठी नेहमी शेजारी ठेवावीशी वाटतात. रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० सालचं. न्यायमूर्ती रानडे जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. या पुस्तकात रमाबाई नवऱ्याला 'स्वतः' म्हणतात. पहिल्यांदा वाचताना मी अडखळले. 'स्वतः' म्हणजे लिहिणारी की दुसरं कुणी? मग कान सरावला आणि त्या शब्दाचं वजन कळलं. लग्न झालं १८७३ साली. मुलगी अकरा वर्षांची, रानडे एकतीस वर्षांचे. त्यांनीच तिला लिहा-वाचायला शिकवलं, त्यासाठी घरातल्या बायकांची बोलणी तिने सोसली. अशा बाईच्या लेखी घरात 'स्वतः' एकच असणार. तिथे 'माझे पती' घालून बघा. आदर राहील, पण ती अकरा वर्षांची मुलगी हरवेल.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्या नवऱ्याला सरळ 'टिळक' म्हणतात. ऐकायला किती साधं! पण बायकोने नवऱ्याला आडनावाने हाक मारल्यासारखं लिहायचं, हे त्या काळी धाडसच. गंमत अशी, की क्रियापद मात्र आदरार्थी. 'टिळक आला' नाही, 'टिळक आले'. मान क्रियापदात आणि मिश्किलपणा नावात. रेव्हरंड नारायण वामन टिळक मोठे कवी, मनाने उदार आणि तितकेच लहरी. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई मागे राहिल्या. काही वर्षांनी त्यांनीही तो धर्म स्वीकारला. एवढं सोसलेल्या बाईने त्यांना 'स्वतः' म्हटलं असतं, तर त्यांच्या लहरींना हसायला जागाच उरली नसती. 'माझा नवरा' म्हटलं असतं, तर मला वाटतं पानोपानी गाऱ्हाणं ऐकू आलं असतं. 'टिळक' म्हटल्याने त्या हातभर लांब उभ्या राहतात, आणि तेवढ्या अंतरावरून माणूस पुरता दिसतो, दोषांसकट.

या दोघींनी हे ठरवून केलं असेल का? मला नाही वाटत. तोंडात होता तो शब्द त्यांनी कागदावर येऊ दिला. 'पुस्तकी' शब्द शोधत बसल्या नाहीत, हेच मोठं. मी बसले होते.

आईच्या त्या प्रश्नानंतर मी 'पती' खोडून 'हे' लिहिलं. तेही जमेना. खिडकीपलीकडच्या कारकुनाला 'हे' म्हणजे कोण, ते कसं कळावं? आठवडाभर तो कागद तसाच पडून होता. मग बाईचं ते वाक्यच काढून टाकलं. कारकून नाव विचारतो आणि ती मुलीकडे बघते, एवढंच ठेवलं.

आईला पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी तिने काही विचारलं नाही. "ह्यांना आवडलं असतं," म्हणाली.