पारडी बदलून पाहा

रत्नागिरीत हापूस डझनाने मोजतात. काजूगर आणि कोळंबी मात्र तोलूनच घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक काटे दुकानोदुकानी आले, तरी दोन पारड्यांच्या तागडीचा एक गुण त्यांच्यात नाही. तिची रचना इतकी उघडी आहे की तिची चूक गिऱ्हाईकाला स्वतः पकडता येते.

दांडी मध्यावर टांगलेली, दोन टोकांना पारडी. प्रत्येक पारडे दांडीला आपल्या बाजूला वळवू पाहते. वळवण्याचा हा जोर म्हणजे टॉर्क. तो वजनावर तर ठरतोच, पण टेकूपासून पारड्याच्या आकड्यापर्यंतच्या अंतरावरही, म्हणजे भुजेवरही, ठरतो. दांडी आडवी राहिली, तर दोन्हीकडचे वजन-अंतराचे गुणाकार सारखे आहेत इतकेच सिद्ध होते. वजनेही सारखी आहेत असे म्हणायला दोन्ही भुजा सारख्या असाव्या लागतात.

समजा, वजनाकडची भुजा २० सेंटिमीटर आणि मालाकडची २०.२. एका पारड्यात किलोचे वजन असेल, तर दुसऱ्यात ९९० ग्रॅम काजूगर पडताच दांडी आडवी होते. दोन मिलिमीटरचा फरक सहजी दिसत नाही, पण किलोमागे १० ग्रॅम जातात, १० किलोंमागे जवळजवळ १००.

रिकामी तागडी झुकत असेल तर वर गेलेल्या पारड्याला पासंग बांधतात. उपाय रास्त आहे, पण त्याने भुजा सारख्या होत नाहीत. लांब भुजेचे पारडे थोडे हलके असले, की असमान दांडीही रिकामी असताना आडवी राहते. म्हणून ‘बघा, काटा मध्ये आहे’ एवढ्यावर भागत नाही. दोन्ही दोष ओळखायची खूण वेगळी आहे. पासंग चुकला असेल, तर पाव किलोला जितके ग्रॅम कमी, तितकेच पाच किलोंना. भुजेची चूक मात्र मालाबरोबर वाढत जाते.

यामागे दर वेळी लबाडीच असते असे नाही. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंड गंजते. टेकूची धार बोथट होते, आकड्याची जागा झिजते आणि भुजेची लांबी नकळत बदलते. वैधमापन अधिनियम, २००९ नुसार व्यापारातल्या तागड्यांची ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यांवर मुद्रा उमटवावी लागते, ती याचसाठी.

घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. माल आणि वजने यांची पारडी अदलाबदल करा. रिकामी तागडी आडवी असूनही तीच सुरमई एकदा १,९८० आणि एकदा २,०२० ग्रॅम भरली, तर भुजा असमान आहेत. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढले की खरे वजन मिळते: २ किलो. दुहेरी तोलण्याची ही रीत गणितज्ञ गाउसच्या नावाने ओळखली जाते. फ्रेंच शास्त्रज्ञ बोर्दा याच्या नावाची रीत आणखी सरळ. मासळीसमोर वाळू घालून दांडी आडवी करायची, मग मासळी काढून त्याच पारड्यात वजने ठेवायची. वाळू आणि भुजा दोन्ही तशाच राहतात, त्यामुळे सदोष तागडीही खरे वजन सांगते.

गिऱ्हाईकाने पारडी बदलायला सांगितले तर त्यात दुकानदाराचा अपमान नाही. प्रामाणिक दुकानदाराला तर आपली तागडी झिजली आहे हे त्यातूनच कळेल. शाळेत टॉर्कचे सूत्र शिकवताना मुलांच्या हाती एकदा तागडी द्यावी. बाजारात स्वतःचा हक्क तपासायला ती तिथेच शिकतील.