अपील फेटाळलं, पण का?

गाझियाबादच्या लोको शेडमधल्या एका शंटरला रेल्वेनं नोकरीवरून काढून टाकलं. वरिष्ठाला मारहाण केल्याचा आरोप होता. त्यानं रेल्वे बोर्डाकडे अपील केलं. बोर्डाचं उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा : आपल्या अपिलाचा काळजीपूर्वक विचार केला, निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे, शिक्षाही योग्य आहे. संपलं!

आता रेल्वेची 1968 ची शिस्त आणि अपील नियमावली उघडा. नियम 22 म्हणतो, अपील ऐकणाऱ्यानं पाहावं की चौकशीची पद्धत पाळली गेली का, निष्कर्षांना पुराव्याचा आधार आहे का, शिक्षा पुरेशी आहे, कमी आहे की जास्त? बोर्डानं काय केलं होतं, दिसलं? नियमातलेच शब्द उचलले आणि प्रश्नचिन्हांच्या जागी पूर्णविराम दिले! नाव बदललं असतं, तर तोच कागद दुसऱ्या कुठल्याही कर्मचाऱ्याला पाठवता आला असता.

1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. त्यामागचा तर्क फार सुंदर आहे. पूर्वी चौकशी संपल्यावर प्रस्तावित शिक्षेबद्दल बोलायची आणखी एक संधी सरकारी कर्मचाऱ्याला मिळत असे. राज्यघटनेच्या 42 व्या दुरुस्तीनं ती काढून घेतली. मग त्याचं म्हणणं मोकळ्या मनानं ऐकणारी जागा उरली कुठं? अपिलात! एक दार बंद झाल्यावर दुसऱ्या दाराचं मोल किती वाढतं पाहा. म्हणूनच न्यायालय म्हणालं : अपील करणाऱ्याला समक्ष ऐका आणि सकारण आदेश द्या.

पण कारणं कागदावरच कशाला हवीत? साहेबांनी मनात विचार केला असेलच ना? असेलही. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं, तर ते सोडवलं की शेजाऱ्याचं उतरवलं, हे तपासणाऱ्याला कसं कळणार? कर्मचारी पुढं प्रशासकीय न्यायाधिकरणात (महाराष्ट्रात ‘मॅट’) किंवा उच्च न्यायालयात गेला, तर न्यायाधीशांसमोरही तोच प्रश्न असतो. अधिकाऱ्याच्या डोक्यात डोकावता येत नाही, फक्त त्यानं लिहिलेलं वाचता येतं.

बरं, कारणं नंतर जोडता येतील? इथं गोष्ट अंधेरीत येते. तिथं चित्रपटगृह बांधायला मिळालेली परवानगी 1947 मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या पत्रानं रद्द झाली. वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. 1951 मध्ये न्या. विवियन बोस यांनी सांगितलं की सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावायचा. आपल्या मनात काय होतं, याचा खुलासा अधिकाऱ्यानं मागाहून करून चालणार नाही. पुढं 1977 च्या एका निवडणूक खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी याच निकालाचा आधार घेऊन नवी कारणं प्रतिज्ञापत्रातून भरायची वाट बंद केली. चित्रपटगृहाच्या भांडणातून निघालेलं तत्त्व आज बडतर्फ लिपिकाच्या कामी येतं! हे मला कायद्यातलं मोठं नवल वाटतं.

महाराष्ट्राच्या 1979 च्या नागरी सेवा शिस्त व अपील नियमांतही अपील ऐकणाऱ्यापुढं तेच तीन प्रश्न आहेत. म्हणजे तहसील कचेरीतल्या कर्मचाऱ्याचं अपीलही त्याच कसोटीवर घासलं जातं.

आणि अपील फेटाळायचंच असेल, खालच्या आदेशाशी पूर्ण सहमती असेल, तरी? तरीही कारणं हवीतच. वनखात्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये हे सांगितलं. अट मात्र किती साधी! निकालपत्रासारखं लांबलचक लिहायची गरज नाही, थोडक्यात लिहिलं तरी पुरे. कर्मचाऱ्यानं मांडलेल्या मुद्द्यांकडे आपण पाहिलं आणि ते का पटले नाहीत, एवढं त्यातून कळलं पाहिजे.

त्या शंटरला न्यायालयानं निर्दोष ठरवलं नाही. त्याचं अपील पुन्हा रेल्वे बोर्डाकडेच गेलं : या वेळी त्याला समक्ष ऐकायचं आणि जो निर्णय होईल, तो कारणांसह लिहायचा.