खाली जाणारं आश्चर्य

‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला. त्यात गॉथ ही जर्मानिक टोळी घेऊन खेळणाऱ्याला दगडी तटबंदी बांधता येत नाही. लाकडी खुंटांचं कुंपण घालायचं आणि त्यावर भागवायचं. पण हजार लाकूड, हजार सोनं आणि हजार दगड जमले की याच गॉथांना एक ‘वंडर’ उभारता येतं. ते असतं इटलीतल्या रावेन्ना गावची थिओडोरिक या गॉथ राजाची कबर. मूळ इमारत इ.स. ५२०च्या सुमाराची. तिचं छत म्हणजे समुद्रापलीकडच्या इस्त्रियाहून आणलेला एकच अखंड दगड, सुमारे दहा मीटर रुंद आणि वजनाला दोनशे टनांच्या वर. साधी दगडी भिंत ज्यांना जमत नाही असं खेळ सांगतो, त्यांच्याच डोक्यावर हा धोंडा!

या विसंगतीने मला वर्षानुवर्षं झपाटलं आहे. पोरं सैन्य वाढवतात. मी समोरच्याचं वंडर न्याहाळत बसतो आणि हरतो.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी घाईने सांगतो. लाकूड तोडायचं, शेती करायची, खाणीतून सोनं काढायचं, गाव वाढवायचं, शत्रूवर जायचं. दुसऱ्या भागात वंडर ही शेवटची मिजास. ते बांधून खेळातली २०० वर्षं टिकवलं की लढाई न करताही जिंकता येतं. कोणत्या लोकांना कोणती इमारत द्यायची हे खेळ रचणारे इतिहासाची पुस्तकं धुंडाळून ठरवतात. एवढं पुरे.

थिओडोरिकची कबर ही निवड मला पटते, जरी तिच्यावर रोमचा हात उघड दिसतो. तो स्वतः लहानपणी ओलीस म्हणून कॉन्स्टँटिनोपलला वाढलेला. पण छताच्या कडेखाली सांडशीच्या आकाराची एक नक्षी फिरते, ती जर्मानिक दागिन्यांशी नातं सांगते असं अभ्यासक म्हणतात. परक्या कारागिरीत आपली एक रेघ ओढून घेतलेला राजा! तळमजला दहा कोनांचा आहे, हेही लक्षात ठेवा; नगरच्या डोंगरावर ते कामी येईल.

खरी पंचाईत होते इतर जर्मानिक टोळ्यांची. इ.स.पू. ११३मध्ये रोमला धूळ चारणारे किंब्री आणि त्यांचे सोबती ट्यूटन घ्या. त्यांना कोणतं स्मारक द्यायचं? टॅसिटसने इ.स. ९८मध्ये लिहून ठेवलंय की हे लोक बांधकामाला दगड-विटा वापरत नाहीत, लाकूडच वापरतात. देवांना भिंतींत कोंडत नाहीत, त्यांचे देव राईत असतात. सॅक्सनांचा इर्मिनसूल नावाचा पवित्र खांब शार्लमेनने ७७२मध्ये पाडला, आणि तो दिसायचा कसा हे सांगायला काही उरलं नाही. उत्तर समुद्राच्या काठावर फेडरसन विएर्डे इथे माणसं आणि गुरं एकाच लांबलचक छपराखाली राहायची. तो टेकाडवजा गाव १९५५ ते १९६३ या काळात उकरला गेला. ओल्या मातीने लाकूड राखलं म्हणून ती घरं कळली. कोरड्या माळावर असती तर खांबांच्या खड्ड्यांपलीकडे फारसं हाती लागलं नसतं.

आमच्या बीडच्या माणसाला हे सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबं बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक भरून ऊसतोडीला जातात आणि कारखान्याच्या फडाजवळ कोप्या घालतात. बांबू, पाचट, वर ताडपत्री. हंगाम सरला की कोपी मोडली. पुढच्या कुणा उत्खननवाल्याला त्यातलं काय सापडणार आहे?

आता आपल्याकडे वळू. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या तिसऱ्या भागात २००७ साली भारतीय आले, तेव्हा आग्र्याचा किल्ला, चारमिनार, करणी मातेचं देऊळ, ताजमहाल आणि चितोडचा विजयस्तंभ अशी पाच वंडर मिळाली. दुसऱ्या भागात २०२२ साली बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. मधलं दख्खन राहिलंच. देवगिरीचे यादव नाहीत, निजामशाही नाही. म्हणून मी मनातल्या मनात निजामशाहीचं वंडर निवडत बसतो, आणि माझं मत दरवेळी एकाच जागी जातं: बीडपासून पाच-सहा किलोमीटरांवरची खजाना विहीर.

ही १५८२ची. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने बांधवली, आणि रचना राजा भास्कराची असं सांगतात. सगळा खजिना हिच्यात ओतला म्हणून हे नाव, अशी लोकांची कथा. आत उतरलात की गोल घेर, दगडी ओवरी आणि भिंतीत उघडणारी भुयारं. दोन भुयारांतून पाणी येतं, तिसऱ्यातून शेताकडे जातं. मोट नाही, पंप नाही, उतार आहे. जमिनीच्या पोटातलं पाणी गोळा करून ते उताराने जमिनीवर आणायचं, हे त्या काळच्या अभियंत्याने साधलं. दुष्काळी बीडमध्ये ही विहीर आटत नाही, हे इथला कुणीही अभिमानाने सांगतो. पुढे मलिक अंबरने खडकीत आणलेल्या नहरीचं कौतुक सगळे करतात. बीडला मात्र प्रवासी कंकालेश्वर पाहून परततात. कंकालेश्वर सुंदर आहे, पाण्यातलं देऊळ कुणाला आवडणार नाही? पण ते चित्रात लगेच मावतं, म्हणून माझं मत त्याला नाही.

खेळ रचणारा मात्र सलाबतखानाचं नाव ऐकून नगरजवळच्या शहा डोंगरावरच जाईल. तिथे त्याची अष्टकोनी तीन मजली कबर आहे. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. विहीरवाला सलाबतखान तोच, असं मानतात. ही कबरही थिओडोरिकच्या कबरीसारखीच कोनाकोनांची, दगडी, दुरून दिसणारी. पडद्यावर शोभेल. पण ती त्याने स्वतःसाठी बांधली, विहीर रानासाठी.

एका भाच्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “मामा, पडद्यावरची जमीन सपाट असते. वंडर वर जातं, खाली कसं दाखवणार?” मुद्दा बिनतोड होता. या खेळांत बांधकाम म्हणजे चौकोनी पायावर चढत जाणारी वस्तू. खड्डा हे बांधकामच नाही. जर्मानिक राईची अडचणही तीच: झाडं ही खेळात तोडायची वस्तू, पूजायची नाही.

तरी वाट आहे. तिसऱ्या भागात करणी मातेच्या आसपास काम करणाऱ्यांचं उत्पादन वाढतं. विहिरीला तसाच गुण द्यावा: भोवतालच्या शेतांचं पीक कधी घटू नये. चित्रात तोंडाचा गोल कठडा, आत उतरती सावली आणि बाहेर पडणारा पाट दाखवला की झालं. कोसळण्याचं दृश्य मात्र वेगळं हवं. दगडफेकी यंत्रांनी विहीर पडत नाही. ती गाळाने भरते. शत्रूने आपले मजूर पाठवून ती बुजवावी, आणि परत चालू करायची तर आपण मजूर लावून गाळ उपसावा. घोडदळाचा तिथे काही उपयोग नाही.