दीड कोटीची गाडी आणि आपली जीप

नाशिक-पुणे रस्त्यावर एखादी लांबलचक गाडी आवाज न करता शेजारून गेली की आपण मान वळवून बघतोच. मर्सिडीजची एस-क्लास ही तशीच गाडी. ती जुळते याच रस्त्यावरच्या चाकणला. 2021 मध्ये तिथली नवी एस-क्लास आली, तेव्हाच किंमत दीड कोटीच्या वर होती!

तेव्हा तिच्यात इंजिनं दोन होती. पेट्रोलचं आणि डिझेलचं, दोन्ही सहा सिलिंडरची. पेट्रोलची ताकद 367 अश्वशक्ती, डिझेलची 286. मग पेट्रोलच भारी? तसं नाही. चाक फिरवायच्या जोराला टॉर्क म्हणतात. त्याचा आकडा डिझेलचा 600, पेट्रोलचा 500. माणसांनी भरलेली जीप वणीच्या गडाचा घाट चढते, ती डिझेलच्या याच जोरावर. गटासाठी गाडी बघायला गेलात, तर अश्वशक्तीबरोबर टॉर्कही विचारा.

मालिश करणाऱ्या खुर्च्या वगैरे सोडून देऊ. पण चाकं जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक एस-क्लासमध्ये 1978 ला आले, चालकाची एअरबॅग 1981 ला. आपल्याकडच्या नव्या मोटारींना दोन्हींची सक्ती झाली 2019 मध्ये. श्रीमंतांच्या गाडीतलं आपल्यापर्यंत यायला चाळीस वर्षं!

आणि पट्टा लावला नसेल, तर एअरबॅग असूनही धड वाचवत नाही. मागच्या सीटवरचा पट्टा तर बहुतेक वेळा सीटखालीच दाबलेला असतो. लग्नाला, बाजाराला भाड्याची गाडी ठरवाल, तेव्हा बसण्याआधी तो बाहेर काढायला सांगा.