राखणदार कुत्रा आणि गॅलिलिओचे गणित

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. त्याची गावाकडे द्राक्षबाग आहे, पंधरा-वीस शेळ्याही आहेत. त्याने कंगाल जातीचे एक नर पिल्लू आणले होते. चार महिन्यांतच ते वासराएवढे दिसू लागले, हे तो मोठ्या कौतुकाने सांगत होता. मग हळूच म्हणाला, "सर, आता एक मादी पण घ्यावी म्हणतो. एका वेताला आठ-दहा पिल्ले होतात. पैसे चांगले येतात."

पदार्थविज्ञानाच्या मास्तराला कुत्र्यांतले काय कळणार, असे तुम्ही म्हणाल. पण या कुत्र्यांच्या बऱ्याचशा अडचणी वजन, क्षेत्रफळ, उष्णता आणि संभाव्यता यांच्याच असतात. शिवाय माझे एक जुने शल्य आहे. माझ्या मामांकडे असाच एक अवाढव्य कुत्रा होता. सहा-सात महिन्यांचा असताना तो पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा टुणटुण उड्या मारायचा. आम्ही सारे हसायचो. ते दुखण्याचे लक्षण आहे हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. चौथ्या वर्षी त्याला बसल्या जागेवरून उठता येईना.

प्रथम हे कुत्रे मुळात कोणत्या कामाचे ते पाहू. तुर्कस्तानात सिवास प्रांतातले कंगाल हे गाव उंच पठारावर आहे. उन्हाळा कडक, हिवाळ्यात बर्फ, आणि सभोवती लांडगे. तेथील मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या जोपासलेला हा कुत्रा खांद्यापाशी पाऊण मीटर उंच आणि पन्नास-साठ किलोग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, म्हणजे लांडग्याला नरडे धरता येत नाही. आपल्याकडे हिमाचलातले गद्दी मेंढपाळही बिबट्याच्या भीतीने आपल्या कुत्र्यांना असाच पट्टा घालतात.

गंमत अशी की, चांगला राखणदार कुत्रा क्वचितच लढतो. तो कळप आणि लांडगा यांच्यामध्ये येऊन उभा राहतो, भुंकतो, अंगावर धावून जातो. शिकार सोपी राहिली नाही की लांडगा बहुधा निघून जातो. मेंढ्या हाकणारा कुत्रा मेंढीकडे दबा धरून, टक लावून पाहतो. ती शिकारीचीच अर्धवट राहिलेली क्रिया असते. राखणदार कुत्र्यात ही प्रवृत्ती फार क्षीण असते. अमेरिकेत रेमंड व लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा कुत्र्यांचा दीर्घ अभ्यास केला. पिल्लू पहिल्या तीन-चार महिन्यांत ज्यांच्या सहवासात वाढते, त्यांना ते आपले मानते, हे या अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. शेळ्यांत वाढले तर शेळ्या त्याचे गणगोत. माणूसच दिसला नाही तर माणूस परका, आणि साठ किलोच्या कुत्र्याला माणूस परका वाटणे ही किती घातक गोष्ट आहे ते सांगायला नको. फ्लॅटच्या गॅलरीत साखळीला बांधून वाढवलेला कंगाल म्हणजे कळप नसलेला राखणदार. तो राखण करतोच, पण कोणापासून कोणाची, हे तो स्वतःच ठरवतो.

योग्य जागी हाच कुत्रा काय करू शकतो? नामिबियात चित्ते शेळ्या मारतात म्हणून शेतकरी चित्त्यांना गोळ्या घालीत. १९९४ पासून तेथील चित्ता संवर्धन संस्थेने शेतकऱ्यांना या आनातोलियन जातीची पिल्ले द्यायला सुरुवात केली. शेळ्यांची हानी इतकी घटली की बंदुकीची गरज कमी झाली. म्हणजे कुत्र्याने शेळी वाचवली आणि तिच्याबरोबर चित्ताही! सप्टेंबर २०२२ मध्ये कुनोला आलेले आठ चित्ते याच नामिबियातले.

आता गॅलिलिओकडे वळू. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने कुत्र्याचेच उदाहरण घेतले आहे. लहान कुत्रा स्वतःएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर पेलू शकेल, पण घोड्याला स्वतःएवढा एक घोडाही पेलणार नाही, असे तो म्हणतो. कारण सोपे आहे. लांबी दुप्पट केली की हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट! दहा किलोचा गावठी कुत्रा आहे त्याच प्रमाणात वाढवून साठ किलोचा केला, तर वजन ६ पट आणि हाडांचा छेद फक्त ३.३ पट होईल. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार १.८ पट झाला. मोठ्या कुत्र्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड असतात ती याचीच थोडीफार भरपाई.

त्यात वाढीचा वेग पाहा. जन्मतः हे पिल्लू जेमतेम अर्धा किलो असते, आणि वर्षाच्या आसपास पंचेचाळीस-पन्नास किलो. शंभरपट! एवढ्या काळात त्याच्या खुब्याचा उखळीचा सांधा घडत असतो. मांडीच्या हाडाचा गोल लाटू उखळीत घट्ट बसला, तर उखळ खोल आणि गोल होते. सांधा सैल राहिला, तर उखळ उथळ होते, आणि सारा भार तिच्या कडेच्या चिंचोळ्या भागावर येतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. कूर्चा झिजते, सांधा दुखू लागतो, आणि एकेका पायावर भार नको म्हणून पिल्लू दोन्ही पाय जोडून उड्या मारू लागते. मामांच्या कुत्र्याचे तेच झाले होते.

या दोषात आनुवंशिकतेचा वाटा आहे, तसा आहाराचाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक सुंदर प्रयोग झाला. भावंडांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष कितीतरी कमी आढळला. २००२ साली पूर्ण हिशेब आला तेव्हा त्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर भरपेट खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. म्हणून "पोसलेले गुटगुटीत पिल्लू" हे कौतुक मोठ्या जातीच्या बाबतीत वैरच ठरते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चारणे तर त्याहून वाईट. संतुलित आहारात वरून घातलेले कॅल्शियम अशा पिल्लांच्या हाडांची घडण बिघडवते.

उष्णतेचा जमाखर्च

साठ किलोचे कुत्रे नुसते पडून असले तरी सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण करते. एक जुना पिवळा दिवा सतत जळतो आहे असे समजा. दहा किलोचे कुत्रे सुमारे १९ वॅट. पण प्रत्येक किलोमागे मोठ्या कुत्र्याला कातडी मिळते ती लहानाच्या निम्म्याहून किंचितच जास्त, आणि वर दाट केसांचा कोट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून जिभेवरचे व श्वासमार्गातले पाणी उडवते. हवा कुत्र्याच्या अंगाइतकी, म्हणजे ३८-३९ अंश सेल्सिअस तापली की वहन आणि प्रारण निरुपयोगी होतात, उरते ते बाष्पीभवन. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २४०० ज्यूल नेते. तेव्हा ७० वॅटसाठी तासाला शंभरेक ग्रॅम पाणी पडून राहण्यासाठीच हवे. चालले-धावले की कित्येक पट.

आता कोकणाचे पाहा. अडतीस-साडेअडतीस अंशांना संपृक्त उच्छ्वासाच्या एका घनमीटरात सुमारे ४७ ग्रॅम वाफ मावते. विदर्भातल्या ४५ अंशांच्या कोरड्या हवेत (आर्द्रता १५ टक्के) आधीच सुमारे १० ग्रॅम असते. म्हणजे दर घनमीटरला ३७ ग्रॅम उडवता येते. कोकणच्या ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ ग्रॅम आधीच भरलेले, उडवायला उरतात २१. तापमान अकरा अंशांनी कमी, तरीही धाप मात्र अधिक टाकावी लागते. उलट विदर्भात हवा स्वतःच अंग तापवते, तेथे सावली आणि पाणी नसले तर संपलेच. अंगाचे तापमान ४१ च्या वर गेले की प्राणावर बेतते.

पैदाशीपूर्वीची संभाव्यता

माझ्या विद्यार्थ्याला मादी जवळच मिळत होती, आणि चौकशीअंती ती त्याच्या नराची सख्खी बहीण निघाली. "जात शुद्ध राहील," असे विकणाऱ्याने त्याला सांगितले होते. मी त्याला कागद घ्यायला लावला. आईबापांचे परस्परांशी नाते नाही असे धरू. त्यांच्याकडे एखाद्या जनुकाच्या मिळून चार प्रती. त्यांतली एक ठरावीक प्रत भावाला मिळण्याची संभाव्यता १/२, बहिणीला १/२, आणि तीच पुढे पिल्लाला दोघांकडून येण्याची पुन्हा १/२ × १/२. गुणाकार १/१६. प्रती चार, म्हणून ४/१६ म्हणजे १/४. हाच स्यूअल राइट यांनी १९२२ साली मांडलेला अंतःप्रजनन गुणांक. पिल्लाच्या दर चार जनुकस्थानांपैकी सरासरी एकावर एकच प्रत दुहेरी येते, आणि ती सदोष असली तर झाकायला दुसरी नसते. सावत्र भावंडांत हाच आकडा १/८ येतो. तुम्ही करून पाहा.

खुब्याचा दोष तर एका जनुकाचा नाही, अनेकांचा आहे. त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या जोडीलाही सदोष पिल्ले होतात. म्हणून दोन वर्षे पुरी झाल्यावर नर-मादी दोघांच्या खुब्यांचे क्ष-किरण चित्र काढायचे, आणि जमल्यास त्यांच्या भावंडांचेही पाहायचे. दोन वर्षांपूर्वी सांधा पुरता ठरलेला नसतो. कायदाही घाईच्या विरुद्धच आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीची पैदास करता येत नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही.

आणि झालेल्या दहा पिल्लांचे काय? चीनमध्ये २०१० च्या सुमारास तिबेटी मॅस्टिफची लाट आली होती. धनिकांनी एकेका कुत्र्यासाठी डोळे फिरतील अशा रकमा मोजल्या. काही वर्षांत हौस सरली, भाव कोसळले, आणि पैदास केंद्रांतली कित्येक कुत्री तिबेटच्या पठारावर मोकाट सोडली गेली. ती टोळ्यांनी पशुधनावर आणि माणसांवर धावू लागली. कळपाचे राखणदारच कळपाचे भक्षक झाले.

विद्यार्थी कागद घडी करून घेऊन गेला. परवा त्याचा फोन आला. मादी घेतली नाही. नर आता रात्री शेळ्यांच्या कुंपणातच झोपतो, दिवसा घरच्या माणसांत असतो, आणि त्याच्या फासळ्या हाताला लागतील इतपतच त्याला खायला घालतात. शेजारी "उपाशी ठेवता का हो?" म्हणून विचारतात म्हणे. मी त्याला साध्या तापमापकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून गोठ्यात टांगायला सांगितले आहे. एप्रिलपासून दुपारी दोन वाजता कोरड्या आणि ओल्या तापमापकाची नोंद तो वहीत करणार आहे.